एकूण टेस्टोस्टेरॉन २४८: इंजेक्शन, शिलाजीत की आणखी काही?

मुळाकाठ (प्रश्न)

धाकट्या भावाच्या रिपोर्टबद्दल विचारायचंय. वय ३८, उंची १७३ सेंमी, वजन ९१ किलो, कंबर १०४ सेंमी. ऑफिसात हेल्थ चेकअपचा कॅम्प होता, त्या पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोनही होतं. रक्त संध्याकाळी साडेपाचला दिलं, चहा-बिस्किटं झाल्यावर.

एकूण टेस्टोस्टेरॉन २४८ एनजी/डीएल (लॅबची रेंज २६४ ते ९१६), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, व्हिटॅमिन डी १४, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) ३.१, हिमोग्लोबिन १४.६.

तक्रारी: दुपारनंतर गळून जातो, पोट सुटलंय, इच्छा पूर्वीसारखी होत नाही म्हणतो. रात्री जोरात घोरतो, झोप साडेपाच-सहा तास. रोजच्या गोळ्या दोनच. ॲसिडिटीसाठी रॅबेप्राझोल + लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल आणि केस गळतात म्हणून बायोटिन १० मिग्रॅ.

जिमचा ट्रेनर म्हणतो, दर पंधरा दिवसांनी टेस्टोस्टेरॉनचं अडीचशे मिग्रॅचं एक इंजेक्शन ठोक, तीन महिन्यांत माणूस बदलतो. मामांचा कौल शिलाजीत-अश्वगंधेला. मुलगी पाच वर्षांची आहे आणि दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे.

डॉक्टरांकडे जाणार आहोतच. त्याआधी एवढंच कळून घ्यायचंय की हा आकडा खरंच कमी आहे का, औषधाशिवाय वाढतो का, आणि वाढला तर किती?

---

नळीवाला

आधी रक्त नीट काढा, मग औषधाचं बघू. संध्याकाळी साडेपाचला, खाऊन-पिऊन दिलेल्या रक्तावरून टेस्टोस्टेरॉन कमी आहे असं कुणीच ठरवू नये.

हे हार्मोन सकाळी सर्वांत वर असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. तरुण पुरुषात संध्याकाळचा आकडा सकाळच्यापेक्षा २० ते ३० टक्के खाली असू शकतो. त्यात खाणं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पाहिलं तेव्हा टेस्टोस्टेरॉन सरासरी २५ टक्क्यांनी घसरलं आणि दोन तासांनीही खालीच होतं. चार बिस्किटांनी एवढं होणार नाही, पण सीमेवरचा आकडा सीमेखाली ढकलायला तेवढी पुरतात.

आता बायोटिनची गंमत. काही कंपन्यांच्या मशीनवर चाचणीचा सगळा डोलारा बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या पकडीवर उभा असतो. टेस्टोस्टेरॉनसारखा लहान रेणू स्पर्धात्मक पद्धतीने मोजतात, तिथे रक्तातलं जादा बायोटिन आकडा खोटा वाढवतं. टीएसएच, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची (मेंदूखालच्या ग्रंथीची) हार्मोनं सँडविच पद्धतीने मोजतात, तिथे तेच बायोटिन आकडा खोटा पाडतं. म्हणजे तुमचे २४८ वेळेमुळे खोटे कमी असू शकतात आणि बायोटिनमुळे खोटे जास्तही. टीएसएच ३.१ वरही डोळे झाकून भरवसा नको. लॅबला विचारा की तुमच्या मशीनवर बायोटिनचा अडथळा येतो का. उत्तर काहीही येवो, रक्त देण्याआधी ७२ तास ती गोळी बंद ठेवा.

पुन्हा तपासताना यादी अशी द्या: एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, अल्ब्युमिन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच, सीबीसी, उपाशीपोटी साखर. "फ्री टेस्टोस्टेरॉन" नावाची वेगळी चाचणी पॅकेजात खपवतात, तिच्यावर पैसे घालवू नका. साध्या किटवरचा तो आकडा बेभरवशाचा असतो. एकूण, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या तिन्हींवरून मुक्त टेस्टोस्टेरॉनचं गणित करता येतं आणि ते जास्त विश्वासाचं.

एसएचबीजी का? रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनपैकी मोकळं फिरतं ते जेमतेम १ ते ३ टक्के. बाकीचं एसएचबीजी या प्रथिनाला घट्ट आणि अल्ब्युमिनला सैल चिकटलेलं असतं. पोट सुटलं, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं, थायरॉइड मंदावलं की एसएचबीजी उतरतं. मग एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळा हिस्सा ठीक असू शकतो. वय वाढलं, लिव्हर बिघडलं, थायरॉइड जादा चाललं किंवा फिट येण्यावरच्या काही गोळ्या चालू असल्या की उलटं होतं. एकूण आकडा झकास आणि मोकळा हिस्सा तुटपुंजा.

एककाकडेही लक्ष द्या. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, त्याला २८.८४ ने गुणलं की एनजी/डीएल मिळतात. भावाचे २४८ म्हणजे ८.६ नॅनोमोल. परदेशातून आलेला "८.६" वाचून घाबरलेली मंडळी पुष्कळ असतात. आणि २६४ ते ९१६ ही रेंज अमेरिका-युरोपातल्या १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांवरून ठरवलेली आहे. अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट ३०० च्या खाली "कमी" म्हणतात, युरोपात १२ नॅनोमोल म्हणजे ३४६ च्या आसपास रेघ ओढतात. रेघा माणसांनी ओढल्यात. २६० आणि २७० या दोन आकड्यांत आजार आणि तब्येत यांचा फरक नसतो.

---

अंतःस्राव

नळीवाला यांनी तपासणीचे सांगितलेच आहे. पुढच्या रिपोर्टमध्ये सर्वांत आधी एलएच पाहा.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक अंतराने जीएनआरएच हे इशारा देणारे हार्मोन सोडतो. त्यावर पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते. एलएचमुळे वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात, एफएसएच शुक्रजंतूंच्या कारखान्याकडे बघते. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की वरचे दोघे हात आखडता घेतात. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त असेल तर बिघाड वृषणात आहे. वयात आल्यावर गालगुंडामुळे वृषणाला झालेली सूज, लहानपणी न उतरलेले वृषण, केमोथेरपी, किंवा ४७ गुणसूत्रांचा क्लाइनफेल्टर सिंड्रोम, जो दर ५०० ते १००० पुरुषांत एकाला असतो आणि बहुतेकांना मूल होत नाही म्हणून तपासेपर्यंत माहीतही नसतो. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच कमी किंवा "नॉर्मल" असेल तर बिघाड वर आहे. इथला "नॉर्मल" फसवा असतो. टेस्टोस्टेरॉन कमी असताना एलएच वाढायला हवे, ते जागचे हलत नाही हाच दोष.

भावाच्या बाबतीत वरचा बिघाड असण्याची शक्यता जास्त, आणि त्याची तीन कारणे तुमच्याच प्रश्नात आहेत.

पहिले, लेव्होसल्पिराइड. हे औषध सोडून सगळे शिलाजीतवर बोलत बसतात याची कमाल वाटते. ते डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाला अडवते. पिट्युटरीवरचा डोपामाइनचा लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढते, प्रोलॅक्टिन वाढले की जीएनआरएचचे ठोके मंदावतात, एलएच पडते आणि मागोमाग टेस्टोस्टेरॉन. इच्छा कमी होणे, ताठरता न येणे, क्वचित छातीतून स्राव, ही सगळी त्याचीच लक्षणे. डोम्पेरिडोनचेही तसेच. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये या दोनपैकी एक बऱ्याचदा जोडीला असते आणि लोक महिनोन्महिने घेत राहतात. डॉक्टरांना विचारून नुसते रॅबेप्राझोल चालेल का ते पाहा. बहुतेक वेळा चालते. ते औषध थांबवून किमान तीन दिवसांनी प्रोलॅक्टिन तपासावे. तरीही वाढलेले असेल तर पिट्युटरीचा एमआरआय लागतो. एकूण टेस्टोस्टेरॉन १५० च्या खाली आणि एलएचही कमी, किंवा जोडीला डोकेदुखी आणि दोन्ही बाजूंची नजर अरुंद झालेली असेल तर एमआरआयला उशीर करू नये.

दुसरे, पोट. चरबीच्या पेशींमध्ये ॲरोमाटेज हे एन्झाइम असते, ते टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन (स्त्री हार्मोन) करते. शिवाय चरबीमुळे होणारी मंद सूज आणि इन्सुलिनचा गोंधळ हायपोथॅलॅमसलाच मंद करतो. भारतीय पुरुषाला ९० सेंमीच्या आत कंबर हवी, इथे १०४ आहे.

तिसरे, घोरणे, म्हणजे झोपेत श्वास अडकून झोप मोडत असण्याची शक्यता. गळ्याचा घेर ४० सेंमीच्या वर, बीपी, दिवसा पेंग, आणि झोपेत श्वास अडकताना घरच्यांनी पाहिलेले असेल तर स्लीप स्टडी करून घ्यावी. दुपारनंतर गळून जाण्याचे कारण टेस्टोस्टेरॉनपेक्षा हेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

लक्षणांचे वजनही सारखे नसते. थकवा, चिडचिड, लक्ष न लागणे ही कशानेही होतात. टेस्टोस्टेरॉनकडे बोट दाखवणारी तीन: कामेच्छा कमी होणे, सकाळची ताठरता जाणे आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणे. युरोपात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत ही तिन्ही आणि रक्तातली कमतरता एकत्र सापडली ती फक्त २.१ टक्के पुरुषांत. खऱ्या कमतरतेत हाडे ठिसूळ होतात, हिमोग्लोबिन उतरते, दाढी विरळ होते, स्नायू झडतात. भावाचे हिमोग्लोबिन १४.६ आहे, ही त्यातल्या त्यात चांगली खूण.

इंजेक्शनचे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्यावर येतात आणि वृषणाच्या आतले टेस्टोस्टेरॉन, जे शुक्रजंतूंना लागते, ते आटते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दर आठवड्याला २०० मिग्रॅ टेस्टोस्टेरॉन इनॅन्थेट पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणूनच तपासले होते आणि सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्रजंतू शून्यावर गेले. दुसऱ्या मुलाचा विचार चालू असताना ट्रेनर नेमके तेच सुचवतो आहे. अशा अभ्यासांतले पुरुष इंजेक्शन थांबवल्यावर सहा महिन्यांत साधारण दोन तृतीयांश आणि वर्षभरात नव्वद टक्के पूर्ववत झाले, काहींना दोन वर्षे लागली. जिममध्ये एकावर एक औषधे चढवलेल्यांचे गणित याहून वाईट.

मूल हवे आहे आणि बिघाड वरचा आहे हे सिद्ध झाले, तर क्लोमिफेन किंवा एचसीजी असे मार्ग आहेत. त्यांनी स्वतःचे उत्पादन वाढते. ते एंडोक्रायनॉलॉजिस्टने ठरवायचे, केमिस्टने नव्हे.

---

लालमाती

औषधाशिवाय किती वाढतं, हा प्रश्न राहिला. त्याचं उत्तर कंबरेच्या टेपवर आहे.

अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असा: आहार आवरून वजन उतरवलेल्या लठ्ठ पुरुषांत एकूण टेस्टोस्टेरॉन सरासरी २.९ नॅनोमोल, म्हणजे ८० ते ८५ एनजी/डीएल वाढलं. बॅरिॲट्रिक सर्जरीने (वजन उतरवण्यासाठी पोटावर केलेल्या शस्त्रक्रियेने) वजन बरंच जास्त उतरतं, तिथे वाढ ८.७ नॅनोमोल म्हणजे अडीचशेच्या घरात. जितकं वजन जाईल तितकं हार्मोन येतं. भावासाठी पहिला टप्पा ९ किलो. आठवड्याला अर्धा किलो धरलं तर साडेचार महिने. याहून घाई नको. उपाशी राहिलं की शरीर दुष्काळ समजतं आणि जीएनआरएचच दाबतं. स्पर्धेसाठी चरबी कापणाऱ्या बॉडीबिल्डरचं टेस्टोस्टेरॉन त्यामुळेच तळाला जातं.

रोजच्या खाण्यात ४०० ते ५०० कॅलरी कमी, पण प्रथिनं १०० ग्रॅमच्या आसपास. ७५ किलो हे लक्ष्य वजन धरून किलोला १.४ ग्रॅम. आपल्या घरच्या ताटात हे असं बसतं:

सकाळी ३ अंडी आणि एक ज्वारीची भाकरी: २३ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, वाटीभर दही: २२ ते २३. चारच्या भुकेला वडापावऐवजी ४० ग्रॅम फुटाणे, नंतर कपभर दूध: १६. रात्री १५० ग्रॅम कच्चं वजन केलेलं चिकन किंवा मासा, एक भाकरी, वाटीभर वरण: ४३. मांसाहार नसेल त्या दिवशी चिकनच्या जागी ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स, त्यात २६ ग्रॅम असतात. सोयाने पुरुषी हार्मोन कमी होतं ही भीती सोडा. माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून दोनदा तपासलंय, टेस्टोस्टेरॉनवर फरक दिसला नाही.

तेल एकदम बंद करू नका. अगदी कमी चरबीच्या आहाराने टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलेलं दिसलंय. दिवसाला ५० ग्रॅम एकूण स्निग्ध पदार्थ राहू द्या: स्वयंपाकाचं तेल ४ चहाचे चमचे, अंड्यांतलं, मूठभर शेंगदाणे एवढ्यात ते भरतं. कापायचं ते साखर, फरसाण, रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात आणि बिअर. दारू लायडिग पेशींना थेट मारक आहे, आणि झोपण्याआधी घेतली तर घोरणं वाढतं ते वेगळंच.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एका दिवसाची रजा मध्ये ठेवून. ९१ किलोच्या माणसाला पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायला लावू नका, गुडघे बोलतील. खुर्चीवर टेकून उठायच्या बैठका १० च्या तीन फेऱ्या. जोर जमिनीवर नको, ओट्याच्या उंचीवर हात ठेवून ८ च्या तीन फेऱ्या, मग महिन्याभरात पाटावर, मग खाली. कंबरेतून वाकून १२ किलोचं वजन उचलणं १० च्या तीन फेऱ्या, पाठ सपाट, गुडघे किंचित वाकलेले. एका हाताने डंबेल ओढणं दोन्ही बाजूंना १०. दोन फेऱ्यांत ९० सेकंद थांबायचं. सगळ्या फेऱ्यांत १२ निघाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचं. वजन न वाढवता नुसत्या संख्या वाढवत नेणं ही तालमीतल्यांची जुनी खोड आहे. दम वाढतो, ताकद अडकते.

व्यायामानंतर टेस्टोस्टेरॉन वर जातं हे खरं, पण पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात जागेवर येतं. त्या उसळीचा उपयोग शून्य. स्नायू वाढले, इन्सुलिन कामाला लागलं, पोट उतरलं की फायदा. रोज दोन-दोन तास घासणारा आणि पाच तास झोपणारा माणूस उलट खाली जातो.

झोपेवर एक छोटा पण काटेकोर अभ्यास आहे, २०११ चा. १० निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं. भाऊ साडेपाच तास झोपतो. तीच झोप साडेसात तासांवर नेणं हे या यादीतलं सर्वांत स्वस्त काम.

---

खलबत्ता

मामांच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही लिहितो.

अश्वगंधा: निरोगी, वजनं उचलणाऱ्या पुरुषांवरच्या एका चाचणीत मुळाचा अर्क ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिला. टेस्टोस्टेरॉन ९६ एनजी/डीएल वाढलं, औषध नसलेल्या नकली गोळीच्या गटात १८. इतर लहान चाचण्यांतही १५ टक्क्यांच्या आसपास फरक आहे. पण सगळ्या चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या. तोटे: क्वचित काविळीपर्यंत जाणारी लिव्हरची इजा आणि थायरॉइडची पातळी वाढणं. थायरॉक्सिन चालू असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर नको. भूक गेली, लघवी गडद झाली, अंग खाजू लागलं की त्याच दिवशी बंद करून एसजीपीटी आणि बिलिरुबिन या लिव्हरच्या चाचण्या करा.

शिलाजीत: शुद्ध केलेलं २५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ९० दिवस, ४५ ते ५५ वयाच्या पुरुषांत सुमारे २० टक्के वाढ, अशी एक चाचणी आहे. एकावर इमारत उभी करू नये. यात्रेत, हायवेवर "हिमालयातला दगड" म्हणून मिळतं त्यात शिसं, आर्सेनिक किती असेल याची हमी कुणी देत नाही. घ्यायचंच तर बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक आणि जड धातूंचा तपासणी अहवाल असलेलंच.

गोखरू, म्हणजे आपले शेतातले सराटे: माणसांवर टेस्टोस्टेरॉन वाढल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. कुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतो, तो प्रोलॅक्टिन कमी करतो. पार्किन्सनच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्याने ती वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.

झिंक: कमतरता असेल तरच उपयोग. आयसीएमआरने २०२० मध्ये पुरुषासाठी दिवसाला १७ मिग्रॅ सांगितलंय. आपल्या धान्य-डाळींत झिंक असतं पण त्यांतलंच फायटेट नावाचं द्रव्य ते अडकवून ठेवतं. मटकी-मूग भिजवून मोड आणले, पीठ आंबवलं की ते मोकळं होतं. गोळी घेतली तर दिवसाचा सगळा हिशोब ४० मिग्रॅच्या आत ठेवा. ५० मिग्रॅच्या गोळ्या सर्रास मिळतात. त्या महिनोन्महिने खाल्ल्या की शरीरातलं तांबं उतरतं, मग रक्तक्षय आणि पायांना मुंग्या. आणि माणूस "ताकदीची" गोळी खाऊन का दमतोय हे कुणाला कळत नाही.

व्हिटॅमिन डी १४ आहे, ते भरून काढा, पण हाडांसाठी. टेस्टोस्टेरॉन वाढण्याबद्दलचे निष्कर्ष एकमेकांना छेद देणारे आहेत. नेहमीची पद्धत ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, जेवणानंतर दुधाबरोबर. आठवड्याची पुडी रोज खाणारे लोक आहेत. कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, किडनीवर येतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. "पुरुषांसाठी, शंभर टक्के आयुर्वेदिक, तासाभरात परिणाम" असं लिहिलेल्या डब्या हातात धरू नका. कुठलीही वनस्पती तासाभरात टेस्टोस्टेरॉन वाढवत नाही. तासाभरात काम करतं ते सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध), आणि अशा मालात ते न सांगता मिसळलेलं वेळोवेळी सापडलंय. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने ते खाल्लं तर बीपी धाडकन कोसळून जीव जाऊ शकतो.

---

तिरकस

अश्वगंधेने ९६ आणि वजन उतरवून ८०-८५. म्हणजे साडेचार महिने फुटाणे खाण्यापेक्षा दोन महिने कॅप्सूल बरी, नाही का? शिवाय टेस्टोस्टेरॉनने मधुमेह टळतो असंही वाचलंय. एचबीए१सी ६.१ वाल्याला डॉक्टरांकडूनच रीतसर इंजेक्शन का देऊ नये?

---

खलबत्ता

ते ९६ निरोगी लोकांतले, व्यायामासोबतचे. १०४ च्या कंबरेवर आणि कदाचित वाढलेल्या प्रोलॅक्टिनवर तेवढेच मिळतील हे कोणी दाखवलेलं नाही. कॅप्सूलने साखर, ट्रायग्लिसराइड आणि घोरणंही तसंच राहतं.

---

अंतःस्राव

मधुमेहाचा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ५० ते ७४ वयाचे १००७ पुरुष, सर्वांना वजन उतरवण्याचा कार्यक्रम, निम्म्यांना वर टेस्टोस्टेरॉन अनडेकेनोएटचे इंजेक्शन. दोन वर्षांनी मधुमेह १२ टक्के विरुद्ध २१ टक्के. आकडा खरा आहे. पण इंजेक्शनच्या गटात २२ टक्के पुरुषांचे हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ५४ किंवा त्यावर गेले. रक्त इतके दाट झाले की गुठळीची भीती, डोस थांबवावा लागतो. म्हणून तो अभ्यास करणाऱ्यांनीही सरसकट द्या असे म्हटले नाही. २०२३ च्या ५,२४६ पुरुषांच्या चाचणीत हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले नाहीत हा दिलासा मिळाला, पण एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), फुप्फुसातली गुठळी आणि किडनीची अचानक होणारी इजा टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत थोडी जास्त दिसली. त्या चाचणीत इंजेक्शन नव्हे, त्वचेवर लावायचे जेल होते. त्यात सगळे ४५ च्या पुढचे. ३८ वर्षांच्या, मूल हवे असलेल्या माणसाला यातले काही लागू होत नाही. घोरण्याचा गंभीर आजार उपचाराविना असेल तर टेस्टोस्टेरॉन तो वाढवू शकते, हेही ध्यानात घ्या.

---

सदाफुली

जेलचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, घरात लहान मूल असेल तर? आणि बायकांचं टेस्टोस्टेरॉन किती असतं?

---

अंतःस्राव

जेल लावलेली त्वचा मुलाला लागली तर हार्मोन त्याच्या अंगात जाते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना गुप्तांगाजवळ केस येणे, वाढ अचानक वेगाने होणे असे प्रकार नोंदलेले आहेत. लावणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, जेल वाळल्यावर शर्ट घालावा, मुलाला उघड्या खांद्यावर घेऊ नये, टॉवेल वेगळा ठेवावा.

बायकांत एकूण टेस्टोस्टेरॉन साधारण १५ ते ७० एनजी/डीएल. पीसीओएसमध्ये (अंडाशयाच्या हार्मोनच्या बिघाडात) ते थोडे वर असते. १५०-२०० च्या पुढे गेले आणि आवाज घोगरा होऊ लागला, केस भराभर वाढले तर अंडाशय आणि ॲड्रिनलची (किडनीवरच्या ग्रंथीची) तपासणी लगेच. बायकांसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक यंत्रावरची चाचणी सांगावी, इतक्या लहान आकड्यांवर साधी मशीन चुकतात.

---

मुळाकाठ

सर्वांचे आभार. फॅमिली डॉक्टरांना फोन केला, त्यांनी नुसत्या रॅबेप्राझोलवर आणलंय. बायोटिन आजपासून बंद. रक्त नक्की कधी आणि कसं द्यावं?

---

नळीवाला

घाई नसेल तर कॅप्सूल बदलल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. तीन दिवसांत प्रोलॅक्टिन खाली येतं, पण एलएच आणि टेस्टोस्टेरॉनला सावरायला वेळ लागतो. नाहीतर आधीच्या औषधाचाच आकडा पुन्हा हातात येईल.

आदल्या रात्री नऊपर्यंत जेवण, दारू नाही, झोप किमान सात तास. दोन दिवस आधीपासून जड व्यायाम नको. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान, नुसतं पाणी पिऊन लॅबमध्ये. जिना चढून लगेच हात पुढे करू नका, वीस मिनिटं स्वस्थ बसा. धावपळीने आणि सुईच्या धास्तीने प्रोलॅक्टिन चढतं. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा दहाला उगवणार असेल तर तसलं बुकिंग नको. पावतीवर रक्त काढल्याची खरी वेळ लिहून घ्या, बऱ्याच रिपोर्टवर नमुना लॅबमध्ये पोचल्याची वेळ छापलेली असते.

पहिला आकडा कमी आला तर दोन-चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी दुसरा. एकूण टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एसएचबीजी एवढंच पुरे, पुन्हा अख्खं पॅकेज नको. मधल्या काळात ताप, डेंग्यू, दातातला पू, काहीही झालं तर बरं होऊन तीन आठवडे गेल्याशिवाय जाऊ नका. आजारपणात हे हार्मोन पडतंच. रात्रपाळीचा आठवडा असेल तर तोही टाळा.